अखंड भिंत आणि अक्काचा पलंग

मानवाचा इतिहास म्हणजे मानवाने पाण्यावर मिळवलेल्या विजयाचा इतिहास होय. माणसाने धरणं बांधली, कालवे खोदले, समुद्राला मागे सारून शहरं वसवली. पाण्याने कुठे जायचं आणि कुठे थांबायचं, हे अखेर माणसानेच ठरवलं. हा थोर विचार मला सुचला तेव्हा मी अक्काच्या स्वयंपाकघरात ओट्यावर मांडी घालून बसलो होतो, आणि खालून तिच्या चपला एकामागून एक शिस्तीत बाहेरच्या खोलीकडे निघाल्या होत्या.

"त्या डाव्या चपलेला अडव," अक्का समोरच्या खोलीतून म्हणाली. ती पलंगावर बसली होती आणि पलंग विटांवर होता. "उजवी गेली तरी चालेल, तिचा अंगठा तुटलाय."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नोकरी टेलिफोन खात्यात झाली. उमेदीची सगळी वर्षं लोकांना 'लाइन व्यस्त आहे' असं सांगण्यात गेल्यामुळे समोरचा माणूस बोलत असताना त्याला मधेच तोडण्याची विद्या तिला चांगली अवगत आहे. ती तळमजल्यावर एकटी राहते. तिच्या बरोब्बर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, मी आणि माझी बायको राहतो. या नणंद-भावजयींमध्ये आजवर एकदाही भांडण झालेलं नाही. लोक याचं श्रेय दोघींच्या स्वभावाला देतात. मी रस्ते खात्यात आरेखक होतो, बांधकामाचे नकाशे काढण्यात माझे डोळे गेले, त्यामुळे मला माहीत आहे की हे श्रेय मधल्या स्लॅबचं आहे.

तर तो स्लॅबच धोक्यात आला. म्हणजे स्लॅब जागेवरच राहणार होता, पण अक्का त्याच्या खालून वर येणार होती.

आमच्या इमारतीच्या मागून एक नाला जातो. नाला आणि इमारत यांच्यामध्ये एक भिंत आहे. तरीही दर पावसाळ्यात पाणी अक्काच्या घरी येतं, थोडा वेळ बसतं आणि भिंतींवर तपकिरी रेघ ओढून निघून जातं. इतकी वर्षं नगरपालिकेने याकडे दुर्लक्ष केलं आणि आमचं छान चाललं होतं. यंदा कोणीतरी लक्ष दिलं. नोटीस आली: तळमजला पूरबाधित असल्यामुळे तो राहण्यास अयोग्य ठरवण्यात येत आहे, कोणाची हरकत असल्यास तांत्रिक पुराव्यासह मांडावी.

"अक्का वर आल्या तर मला आनंदच आहे," बायको म्हणाली. ती तेव्हा भांडी लावत होती. 'आनंदच' या शब्दावर एक पातेलं जरा जोरात ठेवलं गेलं.

अक्का मात्र सरळ म्हणाली, "मी वर येणार नाही. लहानपणी घर बाबांचं होतं, मग हॉस्टेलची खोली तिघींची होती, मग खात्याचं क्वार्टर होतं. ज्याची किल्ली फक्त माझ्याकडे आहे असं हे पहिलं घर. पाणी येतं तर येऊ दे. ते निदान किल्ली मागत नाही."

मी वर गेलो आणि जाहीर केलं की तांत्रिक पुरावा मी तयार करणार.

"कसला?" बायकोने विचारलं.

"पुराचं प्रतिमान. कॉम्प्युटरवर. नाला, भिंत, इमारत, सगळं त्यात घालायचं आणि पाणी सोडायचं. मग पाणी कुठून येतं, का येतं आणि ते कसं थांबवता येईल, हे सिद्ध होतं."

"घरातला नळ गळतोय," ती म्हणाली. थोर कार्याच्या आरंभी जवळच्या माणसांची प्रतिक्रिया अशीच असते, हे चरित्रग्रंथांतून आपण वाचतोच.

सॉफ्टवेअर फुकट मिळालं. फुकट मिळालेल्या गोष्टीचं माहितीपुस्तक नेहमी जाडजूड असतं. त्यातून मला जे समजलं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी बेइज्जती त्यावर उभी आहे.

पाणी दोन प्रकारे मोजतात. नाल्यातलं पाणी एका मितीत. त्याला फक्त पुढे आणि मागे एवढंच ठाऊक असतं. हे नोकरीतल्या माणसासारखं: घरून ऑफिस, ऑफिसातून घर, डावी-उजवीकडे बघायची सोय नाही. नाल्याबाहेर पडलेलं पाणी दोन मितींत. सगळ्या जमिनीचे बारीक चौकोन पाडायचे आणि पाणी या चौकोनातून त्या चौकोनात, उतार दिसेल तिकडे जातं. हा निवृत्त माणूस. निघाला एकीकडे, पोचला तिसरीकडे, मधे चार घरी डोकावला. ही दोन्ही पाणी सॉफ्टवेअरला स्वतंत्रपणे उत्तम कळतात. अडचण एवढीच की ती एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांची ओळख आपल्याला करून द्यावी लागते. नाल्याच्या काठावर एक रेघ ओढायची, त्या रेघेवर काठाची उंची जागोजाग लिहायची आणि सांगायचं की बाबा, नोकरीतलं पाणी या उंचीच्या वर चढलं की निवृत्त झालं असं समज. या रेघेला जोड म्हणतात. जोड चुकला की सगळं चुकलं.

हे वाक्य पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. ठळक अक्षरं वाचायची आपल्याला सवय नसते.

पहिला प्रयोग मी जाहीर केला. ही चूक होती. प्रयोग आधी करावा आणि मग जाहीर करावा, पण सोसायटीचे चेअरमन घरी आले होते आणि त्यांच्यादेखत मला राहवलं नाही. चेअरमन माझ्यापेक्षा तरुण, फरशांचे व्यापारी, आणि कुठल्याही विषयावर 'आपण ठराव करून टाकू' असं म्हणणारे. त्यांच्याबरोबर दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टरही आले. ते निवृत्त आहेत, पण बोलताना अजूनही समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघतात.

मी बटण दाबलं. पाऊस सुरू झाला. नाल्यातलं पाणी काठापर्यंत आलं, काठाच्या वर गेलं आणि तसंच वर जात राहिलं. बाजूला एक थेंब सांडेना. नाल्याच्या दोन्ही बाजूंना जणू न दिसणारी काच लावली असावी, तशी पाण्याची उभी भिंत चढत चढत आमच्या गच्चीच्याही वर गेली. खाली इमारत कोरडी ठणठणीत.

डॉक्टर पडद्याच्या आणखी जवळ सरकले.

"पाणी वर गेलं, पण बाजूला गेलं नाही," अखेर चेअरमन म्हणाले. "संस्कारी पाणी आहे, काका."

"हिरडी सुजली की असंच दिसतं," डॉक्टर म्हणाले.

"पण मग नोटीस रद्दच व्हायला हवी ना?" बायकोने आतून विचारलं. "पाणी गच्चीवरून जातं, अक्कांना काय त्रास?"

मी समजावलं की हा जोड नसल्याचा परिणाम आहे. दोन्ही पाण्यांची ओळखच झालेली नाही. चेअरमन उठता उठता म्हणाले की जोड पाहिजे तर त्यांच्याकडे फरशीचा उत्तम डिंक आला आहे, पाण्यातसुद्धा सुटत नाही.

जोडासाठी काठाची उंची पाहिजे होती. ती नगरपालिकेत असणार, अशी माझी भाबडी समजूत. मी मलनिस्सारण विभागात गेलो. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी नाल्याचे आडवे छेद काढून दाखवले. तळ होता, उतार होता, पाण्याची पातळी होती. छेदाची रेघ बाजूने वर चढत होती आणि काठाच्या जरा अलीकडे थांबत होती.

"पुढचं?" मी विचारलं.

"पुढचं आमच्याकडे नाही. आमची हद्द पाण्याच्या कडेपर्यंत."

"आणि पाणी कडेबाहेर आलं तर?"

"मग ते आमचं राहत नाही. वरच्या मजल्यावर जा, रस्ते आणि मोकळ्या जागा विभाग."

वरच्या मजल्यावर एक बाई साहेब होत्या. त्याही सज्जन. त्यांच्याकडे जमिनीचा प्रत्येक चौकोन होता, झाडं होती, विजेचे खांब होते. त्यांची रेघ काठाच्या जरा पलीकडे सुरू होत होती.

"काठ आमच्यात येत नाही," त्या म्हणाल्या. "काठावरून पाणी पूर्ण खाली उतरलं, की मग आमच्या हद्दीत येतं."

"आणि उतरत असताना ते कोणाचं असतं?"

बाईंनी बराच विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे मी मुद्दाम सांगतो. मग त्या म्हणाल्या, "असा प्रश्न आजपर्यंत कोणी विचारला नाही."

मी जिन्यात उभा राहिलो. दोन्ही विभागांच्या मधल्या त्या जिन्यात माझ्या एकदम लक्षात आलं की ही नगरपालिका आणि माझं सॉफ्टवेअर यांच्यात काडीचाही फरक नाही. खाली एक मिती, वर दोन मिती, आणि मधे जोड कोणी टाकलेलाच नाही. फरक इतकाच की सॉफ्टवेअर चहाच्या वेळेला बंद होत नाही.

तेव्हा काठ स्वतः मोजायचा ठरवला. साधन म्हणजे गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी. तिच्यात पाणी भरायचं, दोन टोकं दोघांनी धरायची, दोन्हीकडे पाणी समान पातळीला येतं. दुसरं टोक धरायला दातांचे डॉक्टर तयार झाले. नळी तोंडाजवळ धरायची सवय असल्यामुळे त्यांनी सुरुवातीलाच थोडं पाणी प्यायलं, ते सोडलं तर काम चोख झालं. रोज सकाळी आम्ही मागच्या बाजूने नाल्यावर उतरायचो, काठाकाठाने आणि भिंतीभिंतीने मोजत जायचो. उंची मी सांगायचो, डावा काठ की उजवा काठ ते डॉक्टर लिहायचे. लोक खिडकीतून बघायचे. एका आजोबांनी विचारलं की नळी कुठे तुंबली आहे. मी त्यांना सांगितलं की आम्ही पुराचा अभ्यास करत आहोत. ते म्हणाले, "असं का, मग तुंबली असेल तर सांगा, माझ्याकडे काठी आहे."

दुसरा प्रयोग मी जाहीर केला नव्हता. तरी चेअरमन आले. त्यांना बातम्या कशा पोचतात हा वेगळ्या प्रतिमानाचा विषय आहे.

या वेळी पाणी काठावरून सांडलं. काय सुंदर सांडलं. चौकोनाचौकोनातून निळी जीभ पुढे सरकत गेली. फक्त ती आमच्याकडे न येता नाल्यापलीकडच्या कॉलनीत शिरली आणि तिथल्या पार्किंगमध्ये जाऊन बसली. आमच्याकडे सगळं कोरडं.

"मला कायम संशय होताच," चेअरमन म्हणाले. "पाणी त्यांचंच आहे." आणि मी हात धरायच्या आत त्यांनी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून पलीकडच्या कॉलनीच्या चेअरमनला पाठवला. खाली लिहिलं, 'काळजी घ्या.'

त्याच संध्याकाळी पलीकडचं शिष्टमंडळ आमच्या दारात. त्यांचं म्हणणं असं की त्यांच्याकडे आजवर पाण्याचा थेंब आलेला नाही, तेव्हा हे पाणी आम्ही कॉम्प्युटरवरून त्यांच्याकडे वळवलं आहे, ते ताबडतोब परत घ्यावं. मी त्यांना चहा दिला. एक गृहस्थ म्हणाले, "चहा घेऊ, पण पाणी घेणार नाही." बायकोने त्यांच्यासमोरचा पाण्याचा ग्लास मुकाट्याने उचलला.

चूक शोधायला मला फार वेळ लागला. कारण ती माझी नव्हती, आणि दुसऱ्याची चूक आपल्याच कागदात शोधायची म्हणजे अवघड असतं. पाण्याच्या शास्त्रात डावा काठ आणि उजवा काठ हे पाणी जिकडे चाललं आहे तिकडे तोंड करून ठरवतात. मी डॉक्टरांना हे दहादा बजावलं होतं. त्यांनी ते ऐकलंही होतं. पण जन्मभर त्यांनी पेशंटच्या समोर उभं राहून पेशंटचं डावं लिहिलं होतं. त्यांच्या दृष्टीने नाला हा पेशंट होता, तो त्यांच्याकडे तोंड करून बसला होता, आणि त्याचा डावा काठ म्हणजे डॉक्टरांच्या उजव्या हाताकडचा.

"यात चूक काय?" डॉक्टर जरा दुखावून म्हणाले. "नाल्याला विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं."

म्हणजे आमचा सखल काठ कागदावर पलीकडे गेला होता, त्यांचा उंच काठ आमच्याकडे आला होता, आणि भिंत तेवढी जागच्या जागी होती. मी काठांची अदलाबदल केली. तिसरा प्रयोग मी दार लावून केला. आता नाला आमच्या बाजूने चढला, भिंतीला टेकला आणि भिंतीने त्याला थोपवून धरलं. पाणी भिंतीच्या माथ्याखालीच राहिलं. अक्काचं घर कोरडं. पलीकडचं पार्किंग कोरडं. पाण्याचा ताळेबंदही जुळला, जेवढं आत आलं तेवढं पुढे गेलं. असा स्वच्छ ताळेबंद मी आमच्या सोसायटीचासुद्धा कधी पाहिला नाही. म्हणजे सिद्ध झालं: भिंत पुरेशी आहे, तळमजल्याला धोका नाही. मी पुरावा घेऊन धावतच खाली गेलो.

अक्काने चष्मा लावून पडदा पाहिला. मग तिने भिंतीवरची तपकिरी रेघ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"अरे," ती म्हणाली, "मग माझ्या पलंगाखाली इतकी वर्षं काय वाहत होतं?"

मी म्हणालो की शास्त्रीयदृष्ट्या पाणी आलेलंच नाही.

"असं. मग चपला फिरायला गेल्या होत्या," ती म्हणाली. नंतर जरा हळू आवाजात, नेहमीसारखं न तोडता, तिने विचारलं, "हे दाखवलंस तर ते हसतील ना रे? आणि मग मला वर यावं लागेल."

अक्काला काळजी वाटते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि निघालो. कुठे ते नक्की नव्हतं. मलनिस्सारणाच्या साहेबांना जाऊन विचारावं असं काहीसं डोक्यात होतं. बसथांबा नाल्यावरच्या छोट्या पुलापलीकडे आहे, म्हणून नेहमीप्रमाणे मागे गेलो, कचराकुंडीजवळ वळलो, नेहमीप्रमाणे वाकलो, आणि अडकलो.

पिशवीचा पट्टा एका विटेत अडकला होता. मागचं माझं अर्धं शरीर सोसायटीत, पुढचं अर्धं नाल्यावर. समोरून दुधाची पिशवी घेऊन चेअरमन येत होते.

"काका, जरा सरका, मला आत यायचंय," ते म्हणाले.

तेव्हा मला दिसलं की मी कशात अडकलो आहे.

त्या भिंतीला भगदाड आहे. चांगलं माणूस जाईल एवढं. बसथांब्याला लांबचा वळसा पडू नये म्हणून एके काळी कोणीतरी त्या कोपऱ्यातल्या दोन विटा काढल्या. कोणी, हा इतिहासाचार्यांचा विषय आहे. पुढे प्रत्येकाने आपापल्या पोटाच्या मापाने त्यात भर घातली. सगळी इमारत त्यातून जाते-येते. पण ते भगदाड नाही. कारण मागे एकदा नगरपालिकेने विचारलं होतं आणि सोसायटीने एकमताने ठराव करून कळवलं होतं की भिंत अखंड आहे. त्या दिवसापासून ते कोणाला दिसेनासं झालं. मी आणि डॉक्टर रोज सकाळी त्याच भगदाडातून वाकून बाहेर पडत होतो, बाहेर गेल्यावर भिंतीची उंची मोजत होतो, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड भिंत लिहून त्याच भगदाडातून चहाला परत येत होतो.

मी चेअरमनना मागे ढकललं, स्वतः मागे सरकलो, पट्टा तुटू दिला आणि घरी पळालो. जोडाच्या रेघेवर त्या कोपऱ्यात भिंतीची उंची काढून टाकली आणि तिथे जमिनीची उंची लिहिली. बटण दाबलं.

नाला चढला. भिंतीला टेकला. कोपऱ्यातून एक निळी सुतळी आत आली. ती कचराकुंडीला वळसा घालून निघाली, पायवाटेने आली, आम्ही सगळे जसे येतो तशीच, आणि अक्काच्या दारात जाऊन थांबली. मग आत शिरली. मी अक्काच्या घरातली पाण्याची उंची वाचली, पट्टी घेऊन खाली गेलो आणि तिच्या भिंतीवरच्या तपकिरी रेघेला लावली. तंतोतंत. बोटभरही फरक नाही.

अक्का पट्टीकडे बघत राहिली. "आता खरं बोलतंय तुझं यंत्र," ती म्हणाली.

त्यानंतर मी भगदाड कॉम्प्युटरवर बुजवलं आणि पुन्हा पाणी सोडलं. अक्काचं घर कोरडं. हा माझा पुरावा.

आणि हा पुरावा देता येणार नाही असं चेअरमन म्हणाले.

"काका, भिंत अखंड असल्याचा ठराव आहे," ते म्हणाले. तातडीची सभा जिन्यात भरली होती. "भगदाड दाखवलं, की सोसायटी खोटं बोलली असं होईल. शिवाय बुजवलं तर बसला वळसा."

"वळसा फार आहे," डॉक्टर म्हणाले. "माझे गुडघे बघा."

"मग अक्का?" मी विचारलं.

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. सज्जन माणसं होती, पण बस लवकर येते. तेवढ्यात बायको बोलली. ती सोसायटीच्या सभेत सहसा बोलत नाही. "बुजवू नका म्हणतात ते बरोबर आहे," ती म्हणाली. "अक्कांना आम्ही वर घेऊ. मग आमच्या घरातून अक्काच सोसायटीच्या सभांना येत जातील. त्यांना वेळही भरपूर असतो."

चेअरमनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. अक्का पूर्वी एकदाच सभेला आली होती. त्या सभेत चेअरमननी मांडलेला एकही ठराव पूर्ण वाचून झाला नव्हता.

तरीही ते म्हणाले, "आपण गप्प राहू. साहेब पाहणीला येतील. त्यांना दिसलं तर दिसलं."

पाहणीच्या दिवशी दोन्ही विभागांचे साहेब येणार होते. आम्ही इमारतीपुढे खुर्च्या मांडून फाटकाकडे डोळे लावून बसलो. वेळ होऊन गेली. फाटकातून कोणी येईना. मग मागून, कचराकुंडीच्या बाजूने, कपडे झटकत दोन माणसं आली. पुढे मलनिस्सारणाचे साहेब, मागे रस्ते विभागाच्या बाई.

"गाडी पलीकडेच लावली," साहेब म्हणाले. "इकडून जवळ पडतं."

त्यांनी फाइल उघडली, भिंतीकडे एक नजर टाकली आणि लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता ते पुटपुटत होते, "कुंपणभिंत... अखंड... तरीही तळमजल्यावर पाणी येते... सबब पूरबाधित..."

मी उठलो. लॅपटॉप उघडलेला होता, पण तो पुढे केला नाही. अत्यंत नम्रपणे विचारलं, "साहेब, आपण आत कुठून आलात?"

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी मागे वळून पाहिलं. बाईंनीही वळून पाहिलं. बाईंच्या खांद्यावर अजून विटेची लाल भुकटी होती.

"म्हणजे तसं बघायला गेलं तर," साहेब म्हणाले आणि तिथेच थांबले.

"पाणीपण तिथूनच येतं," अक्का खुर्चीतून म्हणाली. "तेही गाडी पलीकडेच लावतं."

बाई हसल्या. आधी थोड्या, मग मनापासून. आता मी पडदा त्यांच्यापुढे धरला. निळी सुतळी कोपऱ्यातून आली, साहेब जसे आले होते तशी, पायवाटेने, अक्काच्या दारात. मग भगदाड बुजवलेलं चित्र दाखवलं. कोरडं. साहेबांनी ते दोनदा बघितलं आणि हळूच विचारलं, "जोड कुठे टाकलात?"

"तुमची हद्द संपते आणि बाईंची सुरू होते, त्याच्या मधे," मी म्हणालो. "तिथे कोणीच नव्हतं. म्हणून मी टाकला."

दोन्ही विभागांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाच इमारतीत नोकरी करून ते बहुधा प्रथमच असं बघत असावेत. मग साहेबांनी 'अखंड' या शब्दावर रेघ मारली, वर 'दुरुस्तीयोग्य' लिहिलं आणि फाइल बाईंकडे दिली. बाईंनी खाली सही केली: भिंत पूर्ववत केल्यास तळमजला राहण्यास योग्य.

चेअरमन ताडकन उठले. "आपण हे पहिल्यापासून म्हणत होतो," ते म्हणाले. "ठराव करून टाकू."

बसच्या वळशाचं काय, हा प्रश्न उरला होता. तो अक्काने सोडवला. "भोक बुजवा आणि वर चढायला दोन्ही बाजूंनी पायऱ्या करा," ती म्हणाली. "माणसाला पायऱ्या चढता येतात. पाण्याला येत नाहीत." चेअरमननी स्वतःच्या दुकानातल्या उरल्यासुरल्या फरशा दिल्या, त्यामुळे दोन्हीकडच्या पायऱ्या आता प्रत्येकी वेगळ्या रंगाच्या आहेत. डॉक्टरांच्या गुडघ्यांसाठी एका बाजूला नळाचा पाइप कठडा म्हणून लावला. पलीकडच्या कॉलनीने चौकशी केली की हे पाणी आता नक्की कुठे जाणार. मी त्यांना लेखी दिलं की पुढे जाणार.

आणि मग तो पाऊस आला. सकाळपासून धरलेला होता. दुपारी नाला काठाशी आला आणि चढला. सगळी इमारत मागच्या गॅलऱ्यांत उभी. मी लॅपटॉप घेऊन उभा, पडद्यावर एक नाला आणि खाली दुसरा, आणि दोघे एकमेकांची नक्कल करत होते. पाणी भिंतीला टेकलं. बुजवलेल्या कोपऱ्यापाशी आलं, तिथे थोडा वेळ घुटमळलं, जुनी वाट शोधत असल्यासारखं, आणि सरळ पुढे निघून गेलं.

मी खाली पळालो. अक्का पलंगावर बसली होती. पलंगाखालच्या विटा कोरड्या होत्या. चपला जिथल्या तिथे होत्या, अंगठा तुटलेलीसुद्धा.

"काढू का विटा?" मी विचारलं.

"काढ," अक्का म्हणाली. आणि विटा निघाल्यावर ती पुन्हा पलंगावर बसली, तिने पाय खाली सोडले आणि ते जमिनीला टेकले. मी बघत होतो. खूप वर्षांनी टेकले असावेत. बायको जिन्यात उभी होती. तिने वर जाऊन आनंदाने एक पातेलं ठेवलं. आवाज खालपर्यंत आला.

त्या रविवारी जिन्यात सत्कार ठेवला. चेअरमन भाषण करत होते. सोसायटीच्या दूरदृष्टीमुळे एक मिती आणि दोन मिती यांचा ऐतिहासिक संगम कसा घडून आला, हे ते सांगत होते. डॉक्टरांनी माझ्या गळ्यात हार घातला, माझ्या मते उजव्या बाजूने, त्यांच्या मते डाव्या. मलनिस्सारणाच्या साहेबांनी निरोप पाठवला होता की वरच्या आणि खालच्या मजल्यांची एकत्र बैठक ठरली आहे आणि जोड कसा टाकतात ते सांगायला मी यावं. मी उत्तरादाखल दोन शब्द बोलायला घसा साफ केला. मनात वाक्य तयार होतं: मानवाचा इतिहास म्हणजे मानवाने पाण्यावर मिळवलेल्या विजयाचा इतिहास होय.

"मानवाचा इतिहास म्हणजे," मी म्हणालो.

"अरे," अक्का खालच्या पायरीवरून म्हणाली, "ते नंतर सांग. माझी मोरी तुंबलीय, पाणी बाहेर सांडतंय. त्या आजोबांची काठी घेऊन ये जरा. आणि येताना हार काढून ये, भिजेल."